चक्कीवरची फारसी

जिन्यात मला भूत भेटलं, आणि ते मला ‘दीदी’ म्हणालं.

जानेवारीची सकाळ होती. घमापुरातलं धुकं विक्कीच्या आटाचक्कीच्या दारापर्यंत येऊन थांबलं होतं आणि दाराच्या आत पिठाचं दुसरं धुकं होतं. चक्कीला लागून एक अरुंद जिना वर जातो. मी चौथ्या पायरीवर होते, तोच वरून कोणीतरी खाली आलं. पांढरे केस, पांढऱ्या भुवया, पांढरा स्वेटर... आणि पावलांचा आवाज अजिबात नाही. माझ्या हातातला डबा सुटला.

“अरे दीदी, घबराओ मत,” भूत म्हणालं. “मी जिवंत आहे. विक्कीभैयाने पोतं झटकलं, बस.”

“दीदी कोणाला म्हणता?” घाबरले की मला राग येतो, हा माझा जुना स्वभाव.

“अच्छा, मराठी!” त्याने भुवया झटकल्या. खालून चांगल्या काळ्याभोर निघाल्या. “मग काय म्हणू?”

“काही म्हणू नका. बाजूला व्हा.”

तो बाजूला झाला. पण जाता जाता त्याने वाकून माझा डबा उचलला, झाकण शोधलं, ते स्वेटरला पुसलं आणि आणखीच पांढरं करून माझ्या हातात दिलं. मला हसू आलं. ते मला अजिबात नको होतं.

का नको होतं तेही सांगून टाकते. दोन वर्षांपूर्वी माझं लग्न ठरलं होतं. विपुल फार गोड बोलायचा. ‘समिधा, तुझ्याशिवाय मी जगूच शकणार नाही’ हे तर त्याचं रोजचं वाक्य. पत्रिका छापून आल्या आणि तो माझ्याशिवाय व्यवस्थित जगायला बंगळूरला निघून गेला. तेव्हापासून पुरुषाच्या गोड वाक्यावर माझा काडीचा विश्वास उरला नव्हता. दुधाने तोंड पोळलं होतं, आता ताकही फुंकून प्यायचं, असं मी ठरवलं होतं.

मी जुन्या सरकारी दप्तरखान्यात कंत्राटावर काम करते. जीर्ण कागद उलगडायचे, साफ करायचे, त्यांची यादी करायची. साहेबांनी फर्मावलं की मार्चपर्यंत फारसी मथळे वाचता आले पाहिजेत. संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालेल्या माझ्या बाबांना लगेच नाव आठवलं. “घमापुरात शरच्चंद्र पारसनीस. सगळे त्यांना मास्टरसाहेब म्हणायचे. त्यांच्याकडे जा.”

“फोन करू का आधी?”

“फोन कसा करशील? ते वारले नं नऊ वर्षांपूर्वी.” बाबा शांतपणे म्हणाले. “पण लोक अजून शिकायला जातात.”

मास्टरसाहेबांची मुलगी विनतामावशी चक्कीच्या मागच्या बाजूला एकटीच राहायची. वरची खोली तिने जशीच्या तशी ठेवली होती. एक टेबल, एक खुर्ची, भिंतीतल्या कोनाड्यात लाल शाईची दौत, आणि टेबलावर जाड शिवलेली वही. चाळीस पाठ. प्रत्येक पाठाच्या माथ्यावर एक रोजचं साधं वाक्य, फारसीत, शेजारी आपल्या अक्षरांत उच्चार आणि अर्थ. नान गर्म अस्त, भाकरी गरम आहे. दर बाज अस्त, दार उघडं आहे. खाली रिकाम्या ओळी. शिकणाऱ्याने त्याच घडणीचं आपलं एक वाक्य लिहायचं. चाळिसाव्या पाठानंतर काही पानं फाडलेली होती, त्यांची दातेरी टोकं तेवढी शिवणीत उरली होती.

“तीन गोष्टी लक्षात ठेव,” मावशीने पहिल्याच दिवशी बजावलं. “वही बाहेर न्यायची नाही. वाक्य खरं लिहायचं, आजचं. बाबा फार कडक होते. कोणी लिहिलं ‘पाटनचा मटार आला’, तर ते बाजारात जाऊन पाहून यायचे, मगच खूण करायचे. आणि उठताना वही मिटायची नाही, उघडीच ठेवायची.”

आमच्या घरी पुस्तक उघडं टाकलं की आई ओरडायची, विद्या उडून जाते म्हणून. इथे उलटी रीत. पण मी मुकाट्याने ऐकलं.

माझी वेळ सकाळची. पहिल्या दिवशी मी लिहिलं, ‘चाय सर्द अस्त’, चहा गार आहे. आणि तो होताही. दुसऱ्या सकाळी वाक्याशेजारी लाल शाईची छोटीशी, सुबक खूण होती. मला दुसरीतल्या मुलीसारखा आनंद झाला. मावशी तपासते, मी मनात म्हटलं.

माझ्या ओळींच्या वर निळ्या शाईत आणखी कोणाची तरी वाक्यं असायची. अक्षर गबाळं. ‘मी आज लवकर उठलो.’ खूण नाही. ‘मी कोणाशी भांडलो नाही.’ खूण नाही. ‘मला भूक लागली आहे.’ ठळक लाल खूण. मी एकटीच हसत बसायचे.

रविवारी तो निळ्या शाईवाला भेटला. अर्थातच तेच जिन्यातलं भूत. अनिमेष कर्णिक. रेल्वेत होता, मदन महल स्टेशनवर.

“तुमच्या सगळ्या वाक्यांना खुणा,” तो म्हणाला. “मी रोज पाहून राहिलो. एक बी चुकत नाही. काहून असं?”

“कारण मी खरं लिहिते.”

“मी बी खरंच लिहितो. थोडंसं... सजवून.”

“सजवलेलं खरं म्हणजे खोटंच.”

“समिधाजी, तुम्ही फार खतरनाक आहात.” तो टेबलाच्या कडेला टेकला. “माझी मराठी पण तपासून द्या मग. समजते सगळी, पण बोलायला गेलो की हिंदीच निघते. आईशी मराठी, बाकी दुनियेशी हिंदी, अन आता फारसी. माझं तर तिन्हीकडे हसू होऊन राहिलं.”

“फारसी का शिकताय?”

त्याने सांगितलं आणि मला हसू आवरेना. त्यांच्या घरी देवघरात काचेत मढवलेला एक फारसी कागद होता. भोसल्यांच्या चाकरीत असलेल्या कोणा पूर्वजाचा. चार पिढ्या त्याला रोज फूल वाहत होत्या, जहागिरीची सनद म्हणून. त्यात काय लिहिलंय ते मात्र एकालाही वाचता येत नव्हतं.

“अन मी परवा लिहिलं वहीत, ‘आमच्या घराण्याला जहागीर होती’,” तो म्हणाला. “खूण नाही मिळाली! विनतामावशीला काय माहीत आमच्या घरचं?”

मला त्या वेळी त्यात काहीच वावगं वाटलं नाही. नुसतं गमतीचं वाटलं.

मग रविवार आमचा ठरूनच गेला. धुकं, चक्कीची घरघर, पायाखाली थरथरणारी फरशी, आणि एका खुर्चीवर मी, एका रिकाम्या डब्यावर तो. येताना पेरू आणायचा, तिखट-मीठ लावून. फारसी अगदी आपल्यासारखी वागते, तो म्हणायचा. क्रियापद शेवटी. “म्हणजे पूर्ण ऐकल्याशिवाय हो आहे का नाही, ते कळतच नाही. तुमच्यासारखंच.”

“आणि यात ‘तो’ आणि ‘ती’ एकच,” मी विषय बदलला. “दोघांनाही ‘ऊ’.”

“चांगलं आहे की. कोणाबद्दल बोलून राहिलो ते आईला समजणार नाही.”

“कोणाबद्दल बोलता आईशी?”

तो पेरू खात राहिला... आणि माझे कान मात्र थंडीतही तापले. तोच मला राग आला, स्वतःचाच. हाही गोडच बोलतो की! विपुलपेक्षा याचं वेगळं काय?

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मी चतुर्थी केली होती. दिवसभर उपाशी. पाठ भूतकाळाचा होता, मास्टरसाहेबांचंच वाक्य बदलून मी घाईत लिहिलं, ‘मन नान खुर्दम’, मी भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी खूण नव्हती. वाक्य तर अचूक होतं. मी उपाशी होते हे मावशीला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मी जरा वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत बसले आणि मग, असेल काहीतरी, म्हणून उठले.

त्याच आठवड्यात मी लिहिलं, ‘खाला खूब अस्त’. मावशी बरी आहे. खूण नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच लिहिलं. पुन्हा नाही. मी पायऱ्या उतरून मागे गेले. मावशी मटार सोलत होती.

“मावशी, तू बरी आहेस ना?”

“काहून गं? मला काय धाड भरली?”

“मग माझ्या वाक्याला खूण का नाही केलीस?”

तिचे हात थांबले. “मी? मी कुठं तपासून राहिली? मला तर फारसीचं एक अक्षर येत नाही बाप्पा. बाबांना शिकवायचं होतं, मीच पळायची. मला वाटे, तुम्ही दोघं एकमेकांचं तपासता.”

चक्की पलीकडे फिरतच होती. मला मात्र कानात एकदम शांत-शांत वाटलं. मी अनिमेषला फोन केला. तो म्हणाला, “नाही, मी नाही. मला वाटलं तू—” तो पहिल्यांदाच मला ‘तू’ म्हणाला, आणि आम्हा दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

तो अर्ध्या तासात रिक्षा घेऊन आला. मावशी ऐकेना. “काही होत नाही मला, नुसतं जरा चढलं की दम लागते.” शेवटी अनिमेषने तिच्यासमोर चक्क हात जोडले. “मावशी, चलो. बाबा सांगून राहिले तुझे.” ती त्याच्याकडे बघत राहिली आणि उठली. दवाखान्यात डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, पुन्हा काढली, आणि तिला चालत जाऊ दिलं नाही. हृदयाची एक नळी जवळजवळ बंद झाली होती. दोन दिवस आणखी गेले असते तर सांगता येत नव्हतं, असं ते म्हणाले.

मावशी आठवडाभर तिथेच होती. वरच्या खोलीला मी कुलूप लावलं, किल्ली माझ्या पर्समध्ये. कुलूप लावण्याआधी वहीत लिहिलं, ‘खाला बीमार अस्त’, मावशी आजारी आहे. वही उघडी ठेवली. का, ते विचारू नका. न ठेवायची छाती झाली नाही.

रविवारी आम्ही दोघांनी मिळून कुलूप उघडलं. चार दिवसांचं पीठ फरशीवर चढलं होतं, सारवल्यासारखा सलग पांढरा थर. त्यावर एकही पाऊल नव्हतं, उंदराचंसुद्धा नाही. पण खुर्ची टेबलापासून हातभर मागे सरकलेली होती, कोणी बसून उठल्यावर सरकते तशी. आणि वाक्याशेजारी लाल खूण होती.

कोनाड्यातली दौत मी उलटी केली. आत शाईच्या सुकलेल्या खपल्या खुळखुळल्या.

अनिमेषने माझा हात धरला.

“घाबरलास?” मी विचारलं.

“हो.”

“मग माझा हात कशाला धरलास?”

“एकट्याने काय भ्यायचं...”

मी हात सोडवून घेतला नाही. त्याच्या बोटांना पिठाचा खरखरीतपणा होता आणि नाडी माझ्यापेक्षा जोरात उडत होती. खरं सांगते, त्या खोलीत मला जितकी भीती वाटली तितकंच सुखही वाटलं, आणि कशामुळे काय होतंय ते वेगळं काढता येईना.

दवाखान्याच्या बाकावर आम्ही आळीपाळीने बसायचो. तो ड्यूटीवरून यायचा, थर्मासमधला चहा मला आधी द्यायचा. एकदा मोबाइलवर त्या देवघरातल्या कागदाचा फोटो घेऊन आला. तोपर्यंत आम्हाला बऱ्यापैकी वाचता येत होतं. दोघांनी डोकं लावून तासाभरात अर्थ काढला. ‘दोन घोडे लंगडत आहेत. चारा संपला. लवकर पाठवावा.’

आम्ही एवढे हसलो की नर्स ओरडली.

“घरी काय सांगशील?” मी डोळे पुसत विचारलं.

“खरं सांगीन. आजी म्हणेल, जाऊ दे, घोड्यांसाठी वाहू फूल.” मग तो हळूच म्हणाला, “आधीचा असतो तर सजवून सांगितलं असतं. तुझ्या संगतीने बिघडलो मी.”

मावशी घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेले. निळ्या शाईत एक नवीन ओळ होती. नेहमीपेक्षा जरा नीट काढलेली.

‘ऊ मरा दोस्त नदारद.’

तिचं माझ्यावर प्रेम नाही.

शेजारी खूण नव्हती.

मी चटकन मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. पण कोणीतरी माझ्या मनातलं, मीसुद्धा मोठ्याने म्हटलं नव्हतं ते, वाचून वर त्याला कळवलं होतं! मला इतकी लाज वाटली की मी रिकाम्या खुर्चीला म्हणाले, “मास्टरसाहेब, हे काही बरं नाही केलंत.” खोलीत चक्कीच्या पट्ट्याची फटफट तेवढी येत होती. त्या दिवशी मी कामावर गेलेच नाही. खाली मावशीच्या औषधांच्या वेळा बघत बसले आणि संध्याकाळी तो यायच्या वेळी वर जाऊन उभी राहिले.

तो आला. वहीकडे गेला. वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

“समिधा... खूण नाही.”

“दिसतंय मला.”

“म्हणजे हे वाक्य खोटं आहे.”

“ऊ म्हणजे कोण? तुझ्या स्टेशनातली कोणी असेल.”

“नको ना सतावू.” त्याने वही माझ्याकडे सरकवली. “सांग ना.”

“आधी तू लिही,” मी म्हणाले. “तुझं काय आहे ते. वहीत.”

“तोंडाने बोललो तर नाही चालणार?”

“नाही.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. थोडं दुखावल्यासारखं. मग त्याने पेन काढलं आणि लिहिलं, ‘मन तू रा दोस्त दारम.’ माझं तुझ्यावर प्रेम आहे.

दुसऱ्या सकाळी मी दोन-दोन पायऱ्या चढत गेले. लाल खूण होती. मोठी, दिमाखदार, दोन ओळी व्यापणारी. मी त्यावर बोट ठेवलं आणि बोट लाल झालं.

माणसाचं समाधान म्हणून काही असतं का? मला एक खूण मिळाली, तर मला दुसरी हवी झाली. मार्च उजाडला. अनिमेषला तीन महिन्यांच्या ट्रेनिंगचं पत्र आलं, कोट्याला. पुढे बदलीही होऊ शकते, असं लोक म्हणत होते. तो हसून म्हणाला, “तीन महिने म्हणजे काय? चुटकीत जातील.” विपुलही असाच हसायचा.

“लिही,” मी म्हणाले.

“काय?”

“माझ्यासोबत राहशील म्हणून. लिही.”

“समिधा, तू मला रोज परीक्षेला बसवून राहिली.”

“मग बस.”

चाळीस पाठांत भविष्यकाळ कुठे नव्हता. त्याने मोबाइलवर शोधला. फारसीत भविष्य ‘इच्छिणे’ या क्रियापदातून बनतं, तो म्हणाला, म्हणजे राहीन असं म्हणायला राहू इच्छितो असंच म्हणावं लागतं. मग त्याने चाळिसाव्या पाठाच्या तळाशी, शेवटच्या ओळींवर, एकेक अक्षर जपून लिहिलं. ‘मन बा तू ख्वाहम मांद.’ मी तुझ्यासोबत राहीन.

सकाळी खूण नव्हती.

मी त्याच्या पुढच्या सकाळीही गेले. नव्हती. तिसऱ्या दिवशीही नाही. कागद कोरडा, पांढरा. मला वाटलं, बरंच झालं, पत्रिका छापायच्या आधी कळलं! मी त्याचे फोन उचलले नाहीत. ‘काय झालं’ असे त्याचे एकोणीस मेसेज आले. शेवटचा होता, ‘गुरुवारी बाराची गाडी आहे. मदन महलवरून.’ मी रडले, आणि मग रडल्याबद्दल स्वतःवर चिडले.

गुरुवारी सकाळी मावशीला गोळी द्यायला गेले. तिने माझं तोंड पाहिलं आणि गोळी हातातच धरून ठेवली.

“काय लिहिलं त्याने?”

मी सांगितलं. खूण न मिळाल्याचंही सांगितलं. मावशीने गोळी बाजूला ठेवली.

“त्या फाटलेल्या पानांवर काय होतं, माहीत आहे का तुला?” ती म्हणाली. “एकेचाळिसावा पाठ. येईन, जाईन, राहीन, त्याचा. माझी आई आजारी होती. बाबा पाटनला शिकवणीला निघाले, तिला म्हणाले, दिवेलागणीपर्यंत येईन. खरंच यायचे होते बिचारे. पण नदीला पूर आला, पूल पाण्याखाली. तिसऱ्या दिवशी आले तेव्हा...” तिने डोळे टिपले. “मग तो पाठ फाडून टाकला त्यांनी. म्हणाले, उद्याचं वाक्य मी कसं तपासू? त्यावर खूण करणार नाही मी. पोरी, तू समजून राहिली की खूण नाही म्हणजे खोटं. हे तसं नाही. हे वाक्य बाबांना तपासता येत नाही, बस.”

“मग कसं कळणार मला?”

“कोणाला कळते गं? आईला बी नव्हतं कळलं. ती शेवटपर्यंत म्हणत होती, येतील ते. अन आले नं. उशिरा आले, पण आले.”

मी गोळी तिच्या हातावर ठेवली, पाणी दिलं आणि वर पळाले. खुर्ची मागे सरकलेलीच होती. मी बसले. ती मला गरम लागली, की मला तसं वाटलं, देव जाणे. अनिमेषच्या ओळीखाली मी तेच वाक्य माझ्या अक्षरांत लिहिलं. मन बा तू ख्वाहम मांद. खरं की खोटं, मलाही ठाऊक नव्हतं. फक्त तसं व्हावं अशी इच्छा होती, आणि ती मात्र फार होती.

विक्कीने स्कूटरवर मला स्टेशनला सोडलं, दोघंही पिठाने माखलेले. गाडीला सात मिनिटं होती. अनिमेष बॅगेवर बसला होता, मला पाहून उभा राहिला.

“अरे भूत,” तो म्हणाला. पण हसला नाही. “खूण नाही मिळाली ना मला?”

“नाही.”

“मग आली काहून?”

“मीपण तेच लिहून आले. मलापण मिळणार नाही.”

मी त्याच्या स्वेटरला पिठाचे हात पुसले, मुद्दाम. “अनिमेष, ऐक. माझं तुझ्यावर प्रेम आहे. हे मी तोंडाने सांगते आहे, कुठे लिहिलेलं नाही. आणि तूही आता तोंडानेच सांग.”

“येईन,” तो म्हणाला. “तुझ्यासोबत राहीन. सजवून नाही बोलून राहिलो.”

“बरं,” मी म्हणाले. एवढंच. पण त्या ‘बरं’साठी मला दोन वर्षं लागली होती.

तो आला. चार दिवस उशिरा आला, आणि त्या चार दिवसांत माझं काय झालं ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही. डिसेंबरात आमचं लग्न झालं. देवघरातल्या घोड्यांच्या कागदाला आम्ही दोघांनी जोडीने फूल वाहिलं. दुसऱ्या दिवशी मावशीच्या पाया पडायला घमापुरात गेलो, तेव्हा मी एकटीच वर जाऊन आले. चाळिसाव्या पाठाच्या तळाशी, दोन्ही वाक्यांच्या मधोमध, लाल शाईची एक बारीकशी रेघ होती. तांदळाच्या कणीएवढी. खूण करायला कोणी सुरुवात करावी आणि हात तिथेच थांबवावा, तशी.

त्याला आता तीन वर्षं झाली. मावशी ठणठणीत आहे, मी फारसी मथळे भराभर वाचते, आणि मधूनमधून वर जाऊन ती रेघ पाहून येते. ती वाढते आहे. फार हळू, पण वाढते आहे. ती पूर्ण होईल तेव्हा बघायला आम्ही दोघं नसणार, हे मला कळतं. पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आता नाही येत.

गेल्या आठवड्यात आमचं कडाक्याचं भांडण झालं. कशावरून ते आठवतही नाही. दुसऱ्या सकाळी मी तडक घमापूर गाठलं. रेघ होती तेवढीच होती. मी घरी आले, चहा टाकला, दोन कप भरले, आणि एक त्याच्यासमोर ठेवला.

काल पुन्हा गेले. रेघ केसभर पुढे सरकली होती, आणि तिचं टोक अजून ओलं होतं.